लांब इंग्रजी संज्ञा आणि त्यांचा अर्थ : सोमेश्वरनगर परिसरातील साखर-व्यवहाराच्या भाषेच्या अनुषंगाने

इंग्रजीतील लांबलचक शब्द आणि शब्दसमूह मराठी भाषकास दुर्बोध वाटतात, ही तक्रार जुनी आहे. हे शब्द लांब आहेत म्हणून दुर्बोध आहेत, असे सामान्यत: मानले जाते. प्रस्तुत लेखात या समजुतीची तपासणी करावयाची आहे. त्यासाठी बारामती आणि इंदापूर या तालुक्यांतील साखर-व्यवहाराची भाषा उदाहरणादाखल घेतली आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर येथे ऊस उभा राहिला. सोमेश्वरनगर, माळेगाव, भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने निघाले. त्यांच्याबरोबर यंत्रशास्त्र, रसायनशास्त्र, कायदा आणि हिशेब या चारही क्षेत्रांतील इंग्रजी संज्ञा शेतकऱ्याच्या ओसरीपर्यंत आल्या. त्यांतील काही पचल्या, काही विद्रूप झाल्या, आणि काही अर्थ हरवून केवळ अक्षरांच्या रूपाने उरल्या. या तिसऱ्या वर्गातील एका संज्ञेवर येथील हजारो कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न ठरते. म्हणूनच हा विषय केवळ कोशकाराच्या आवडीचा नव्हे.

१. लांबी आणि दुर्बोधता

इंग्रजी कोशांत नोंदलेला सर्वांत लांब शब्द म्हणून ज्याचा नेहमी उल्लेख होतो तो 'न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्केनोकोनिओसिस' हा पंचेचाळीस अक्षरांचा शब्द होय. १९३५ साली अमेरिकेतील कोडेप्रेमींच्या राष्ट्रीय संघाच्या अध्यक्षाने तो मुद्दाम घडविला. तथापि त्याचा विग्रह केला असता त्यात गूढ असे काही राहत नाही. 'न्यूमोनो' म्हणजे फुप्फुस, 'अल्ट्रामायक्रोस्कोपिक' म्हणजे सूक्ष्मदर्शकासही सहज न दिसणारे, 'सिलिको' म्हणजे सिलिका, 'व्होल्केनो' म्हणजे ज्वालामुखी, 'कोनि' म्हणजे धूळ आणि 'ओसिस' हा रोगवाचक प्रत्यय. ज्वालामुखीच्या अतिसूक्ष्म सिलिका-धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार, एवढाच त्याचा अर्थ. दीर्घ सामासिक शब्द फोडून अर्थ लावण्याची रीत संस्कृतच्या परंपरेत वाढलेल्या मराठी वाचकास नवी नाही.

आता याच जातीचा एक आखूड शब्द पाहू. 'बगॅसोसिस' हा शब्द वैद्यकात रूढ आहे. उसाचा रस काढून घेतल्यावर उरणाऱ्या चोथ्यास कारखान्यात 'बगॅस' म्हणतात. तो बुरसला असता त्याच्या धुळीने फुप्फुसास जो विकार होतो त्याचे हे नाव. 'बगॅस' हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला असून त्याचे मूळ स्पॅनिश आहे. ज्यास 'बगॅस' ठाऊक नाही त्यास हा आखूड शब्द पहिल्या पंचेचाळीस अक्षरी शब्दाइतकाच अपारदर्शक आहे. यावरून असे म्हणता येईल की, शब्दाची दुर्बोधता त्याच्या लांबीवर अवलंबून नसते. त्याचे घटक ओळखीचे आहेत की नाहीत यावर ती अवलंबून असते. लांब शब्द पुष्कळदा आपला अर्थ स्वत:च सांगत असतो. तो आखूड झाला की हे सांगणे थांबते.

२. स्वीकाराच्या चार रीती

साखर कारखान्याच्या परिसरातील शब्दांचे निरीक्षण केले असता परक्या संज्ञेचा स्वीकार चार रीतींनी झालेला दिसतो.

पहिली रीत देशी शब्दाच्या अर्थविस्ताराची. ज्या यंत्रावर ऊस टाकला जातो आणि जे त्यास चरकाकडे नेते त्यास इंग्रजीत 'केन कॅरियर' म्हणतात. मराठीत त्यास 'गव्हाण' हे नाव मिळाले. गव्हाण म्हणजे गोठ्यात जनावरांपुढे वैरण टाकण्याची जागा. कारखाना हा ऊस खाणारा एक अवाढव्य पशू आहे अशी कल्पना या नावामागे आहे, आणि ती करणाऱ्याने कोणताही कोश उघडला नसणार. 'क्रशिंग' यास 'गाळप', 'सीझन' यास 'हंगाम', 'रटून' यास 'खोडवा' हे शब्द याच वर्गातील. गुऱ्हाळाची भाषा येथे आधीपासून होती. कारखाना आला तेव्हा तिने त्यास आपले शब्द दिले.

दुसरी रीत भाषांतराची. 'को-ऑपरेटिव्ह' या शब्दात 'को' म्हणजे सह आणि लॅटिन 'ओपेरारी' म्हणजे काम करणे. 'सहकारी' हे त्याचे घटकश: भाषांतर होय. ते इतके मुरले आहे की ते भाषांतर आहे याचीही आज कोणास आठवण होत नाही. उलटपक्षी 'को-जनरेशन' यास 'सहवीजनिर्मिती' हा तितकाच शुद्ध प्रतिशब्द असूनही बोलण्यात 'कोजन' हेच रूप ऐकू येते. 'लिक्विडेशन' यास 'अवसायन' हा शब्द कागदोपत्री चालतो. पण कारखाना अवसायनात निघाला म्हणजे नेमके काय झाले, हे सभासदास बहुधा दुसऱ्या कोणी समजावून सांगावे लागते.

तिसरी रीत संकराची. एइनार हौगेन या भाषाशास्त्रज्ञाने १९५० साली भाषिक उसनवारीचे जे वर्गीकरण केले, त्यात अर्धे परके व अर्धे देशी अशा शब्दांचा स्वतंत्र वर्ग कल्पिला आहे. हंगामाच्या आरंभी निमंत्रणपत्रिकेवर छापला जाणारा 'बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ' हा त्याचा उत्कृष्ट नमुना होय. 'ऊसबिल' हा दुसरा. 'चिटबॉय' या शब्दाची गंमत निराळीच आहे. तोडीची चिठ्ठी देणारा तो चिटबॉय. दोन्ही घटक इंग्रजी दिसतात. परंतु इंग्रजीतील 'चिट' हा शब्द आपल्याच 'चिठ्ठी'पासून झालेला आहे. तो परदेश करून परत आला आणि घरच्यांनी त्यास ओळखले नाही. 'शुगर' या शब्दाचेही असेच. संस्कृत 'शर्करा' फारसी-अरबीच्या वाटेने युरोपात गेली आणि यंत्रांच्या नावांबरोबर परत येथे आली.

चौथी रीत आद्याक्षरांची. 'एफआरपी', 'एसएमपी', 'एमएसपी', 'आरएसएफ' हे शब्द या वर्गात मोडतात. पहिल्या तीन रीतींत शब्दाचा काही ना काही अर्थ भाषेत उतरतो. या चौथ्या रीतीत मात्र केवळ नाद उतरतो. पुढील विवेचन मुख्यत: या रीतीविषयी आहे.

३. आद्याक्षरे का होतात आणि काय गमावतात

जो शब्द वारंवार वापरावा लागतो तो आखूड होत जातो, हा नियम जॉर्ज किंग्सले झिफ या अमेरिकन अभ्यासकाने १९३५ साली मांडला. 'फेअर अँड रिम्युनरेटिव्ह प्राइस' हा शब्दसमूह चावडीवर, बँकेत आणि वार्षिक सभेत दिवसातून दहा वेळा उच्चारावयाचा असल्यास त्याचे 'एफआरपी' होणे अटळ होते. यात कोणाचा दोष नाही.

परंतु आद्याक्षरांत एक धोका असतो. भिन्न अर्थांचे दोन शब्दसमूह एकाच अक्षरांवर येऊन थांबू शकतात. 'एमएसपी' हे त्याचे ठळक उदाहरण. गहू, हरभरा यांच्या संदर्भात ती 'मिनिमम सपोर्ट प्राइस' असते, म्हणजे शासनाने शेतकऱ्यास दिलेल्या आधाराची किंमत. साखरेच्या संदर्भात ती 'मिनिमम सेलिंग प्राइस' असते, म्हणजे कारखान्याने ज्या दराखाली साखर विकू नये तो दर. ही दुसरी एमएसपी जून २०१८ मध्ये किलोस २९ रुपये अशी प्रथम ठरविण्यात आली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ती ३१ रुपये करण्यात आली. पहिली थेट शेतकऱ्याची, दुसरी प्रथमत: कारखान्याची. 'एमएसपी वाढली' हे वाक्य ऐकून उसाचा दर वाढला असे समजणारा श्रोता अडाणी नसतो. अक्षरांनीच त्यास फसविलेले असते. येथे हेही नमूद करणे अवश्य आहे की, पहिल्या अर्थासाठी मराठीत 'हमीभाव' हा चार अक्षरांचा, अर्थवाही आणि सर्वांच्या तोंडी बसलेला शब्द आहे. तो वापरल्यास हा घोटाळा संभवतच नाही.

४. 'किमान'चे 'किफायतशीर' झाले

आता मुख्य उदाहरणाकडे वळू. जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ अन्वये केंद्र शासनाने १९६६ साली ऊस नियंत्रण आदेश काढला. त्यानुसार उसाची जी किंमत ठरविली जाई तिला 'स्टॅट्युटरी मिनिमम प्राइस', म्हणजे वैधानिक किमान किंमत, असे म्हणत. २००९ साली या आदेशात दुरुस्ती होऊन २००९-१० च्या हंगामापासून तिच्या जागी 'फेअर अँड रिम्युनरेटिव्ह प्राइस' ही संज्ञा आली. त्या पहिल्या हंगामासाठी हा दर ९.५ टक्के उताऱ्यास क्विंटलला १२९ रुपये ८४ पैसे होता. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्यास ३५५ रुपये ठरविण्यात आला.

नव्या संज्ञेचे मराठीकरण प्राय: 'रास्त आणि किफायतशीर दर' असे करण्यात येते. त्यातील प्रत्येक शब्द तपासून पाहू.

'फेअर' यास 'रास्त' हा प्रतिशब्द निर्दोष आहे. मूळ फारसी शब्दाचा अर्थ सरळ, खरा असा असून मराठीत 'रास्त मागणी', 'रास्त भाव' हे प्रयोग रूढ आहेत.

'रिम्युनरेटिव्ह' हा शब्द मात्र अडचणीचा आहे. लॅटिन 'मूनुस' म्हणजे देणगी किंवा कर्तव्य; 'रे' म्हणजे परत. केलेल्या श्रमाची अथवा दिलेल्या वस्तूची योग्य परतफेड करणारा, तो 'रिम्युनरेटिव्ह'. यासाठी योजलेल्या 'किफायतशीर' या शब्दाचे मूळ अरबी असून तेथे त्याचा अर्थ पुरेसेपणा असा आहे. मराठीत त्यास दोन अर्थ आले. 'किफायतशीर शेती' असे म्हटले असता करणाऱ्यास फायदा देणारी शेती असा बोध होतो. परंतु दुकानाच्या पाटीवर 'किफायतशीर दरात' असे लिहिले असता घेणाऱ्यास परवडणारा, म्हणजे स्वस्त, दर असा बोध होतो. किंबहुना 'दर' या शब्दाशी जोडला असता हा दुसरा अर्थच आज अधिक रूढ आहे. आता ऊसदराच्या व्यवहारात शेतकरी विकणारा आहे आणि कारखाना घेणारा. तेव्हा 'किफायतशीर दर' म्हणजे कोणास किफायतशीर? कायद्याचा हेतू विकणाऱ्याचा आहे. मराठी शब्दाचा कल घेणाऱ्याकडे आहे. हिंदीत याच संज्ञेचे 'उचित एवं लाभकारी मूल्य' असे भाषांतर रूढ आहे. 'लाभकारी' या शब्दात असा संदेह राहत नाही. मराठीतही 'मोबदला' हा शब्द हाताशी होता, आणि 'रिम्युनरेटिव्ह'च्या मूळ अर्थास तो सर्वांत जवळचा आहे.

याहूनही महत्त्वाची बाब पुढीलच आहे. जुन्या संज्ञेत 'मिनिमम', म्हणजे किमान, हा शब्द होता. नव्या संज्ञेतून तो गेला. परंतु कायद्यातून तो अर्थ गेलेला नाही. ठरविलेल्या दराहून कमी दराने कारखान्याने ऊस घेऊ नये, हा निर्बंध आदेशात कायम आहे. म्हणजे एफआरपी ही आजही तळमर्यादाच आहे. तिच्यावर देण्यास कोणतीही आडकाठी नाही. उसाच्या दराचे विनियमन करणारा महाराष्ट्राचा २०१३ चा कायदा तर साखर आणि उपपदार्थ यांच्या उत्पन्नातील शेतकऱ्याचा वाटाही सांगतो. 'रेव्हेन्यू शेअरिंग फॉर्म्युला' हे त्या तत्त्वाचे लांब नाव. लोकांनी ते 'सत्तर-तीसचा फॉर्म्युला' असे करून घेतले, आणि येथे लोकांनी केलेले नाव मूळ नावापेक्षा अधिक सांगणारे आहे. परंतु 'एफआरपी' या तीन अक्षरांतून 'किमान' हा अर्थ ऐकू येत नाही. परिणामी एफआरपी मिळाली म्हणजे पूर्ण दर मिळाला, अशी समजूत होण्यास वाव राहतो.

५. व्याकरणाची साक्ष

शब्दाचा अर्थ कोठे सरकला आहे हे व्याकरण प्रामाणिकपणे सांगते. 'एफआरपी' हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी झाला आहे : 'एफआरपी मिळाली', 'एफआरपी थकली', 'थकीत एफआरपी'. दर थकत नाही. थकते ती रक्कम. 'बाजरीचा दर थकला' असे कोणी म्हणत नाही. अर्थात् 'एफआरपी' हा शब्द बोलीत दराचा वाचक न राहता कारखान्याकडून येणे असलेल्या पैशाचा वाचक झाला आहे. या अर्थांतरात एक व्यावहारिक सत्य दडलेले आहे. ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत, आणि विलंब झाल्यास द.सा.द.शे. १५ टक्के व्याज द्यावे, असे १९६६ च्या आदेशात आहे. बोलीने दराऐवजी येणे रकमेवर बोट ठेवले, हे तिच्या दृष्टीने योग्यच झाले. 'एकरकमी एफआरपी' हा प्रयोगही असाच घडला. राज्य शासनाने २०२२ च्या फेब्रुवारीत ही रक्कम दोन हप्त्यांत देण्याविषयी काढलेला निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला. त्या साऱ्या वादात 'एकरकमी' या एका देशी विशेषणाने आंदोलनाची संपूर्ण मागणी वाहून नेली.

याउलट 'उचल' हा शब्द पाहा. ऊसबिलाच्या पहिल्या हप्त्यास 'पहिली उचल' म्हणतात. हंगामापूर्वी ऊसतोडणी मजुरास मुकादमाकडून मिळणाऱ्या आगाऊ रकमेसही 'उचल' असेच म्हणतात. मजुराची उचल हे त्याच्या डोक्यावरील कर्ज असते. ते श्रमाने फेडावयाचे असते. शेतकऱ्याचा पहिला हप्ता हे मात्र त्याने आधीच देऊन टाकलेल्या मालाचे मोल असते. एकच शब्द दोघांस लावल्याने शेतकऱ्याचे स्वत:चे येणे त्यास उसने घेतल्यासारखे भासू लागते. शब्द देशी आणि आखूड असला म्हणजे तो नेमका असतोच असे नाही, हे यावरून ध्यानात यावे.

६. 'रिकव्हरी' आणि 'उतारा'

अर्थाची नेमकी वाटणी कशी होते याचे एक समाधानकारक उदाहरणही येथे आहे. 'रिकव्हरी' हा इंग्रजी शब्द बँकेत कर्जवसुलीस, रुग्णालयात रोग्याच्या सुधारणेस आणि कारखान्यात उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणास लावला जातो. मराठीने या तिघांस तीन शब्द दिले : वसुली, सुधारणा, उतारा. इंग्रजीत जे संदर्भावरून समजून घ्यावे लागते ते मराठीत शब्दानेच स्पष्ट होते. 'उतारा' हा शब्दही अनेकार्थी आहे, हे खरे. सातबाराचा उतारा, विषावरील उतारा, पुस्तकातील उतारा हे सारे प्रयोग आपल्या परिचयाचे आहेत. परंतु 'साखर उतारा' म्हटले की संदेह उरत नाही.

या शब्दाचे मोल आकड्यांत पाहता येते. २०२५-२६ साठी १०.२५ टक्क्यांच्या वर उताऱ्याच्या दर ०.१ टक्क्यास क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे वाढ ठरविलेली आहे. उतारा ११.२५ टक्के असल्यास ही वाढ क्विंटलला ३४ रुपये ६० पैसे, टनाला ३४६ रुपये होते. शंभर टन ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यास हा फरक ३४,६०० रुपयांचा पडतो. हा दर कारखान्याच्या दारात पोचलेल्या उसाचा असल्याने त्यातून तोडणी व वाहतूक यांचा खर्च वजा होतो, हेही त्याबरोबर समजावून घेतले पाहिजे. 'उतारा', 'तोडणी-वाहतूक', 'वजावट' या तीन मराठी शब्दांनी हा हिशेब कोणाही सभासदास मांडता येतो.

७. निष्कर्ष

परकीय संज्ञांस पर्याय देण्याची परंपरा मराठीत शिवकालीन राज्यव्यवहारकोशापासून आहे. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर भाषा संचालनालयाने पदनामांचे व परिभाषांचे कोश करून ती पुढे नेली. या प्रयत्नांत भर बहुधा एका शब्दास एक शब्द देण्यावर राहिला. वरील विवेचनावरून असे दिसते की, जेथे संज्ञेवर कोणाचा हक्क अवलंबून आहे तेथे एवढे पुरेसे नाही. तेथे प्रतिशब्द निवडताना तीन प्रश्न विचारावयास हवेत. मूळ संज्ञेतील कोणता घटक कायदेशीर परिणाम घडवितो? मराठी शब्दाचा बोलीतील कल त्याच बाजूस आहे काय? आणि तो शब्द आद्याक्षरांशी स्पर्धा करण्याइतका आखूड आहे काय?

या कसोट्या लावल्यास 'फेअर अँड रिम्युनरेटिव्ह प्राइस' यासाठी 'किमान देय ऊसदर' हा शब्दप्रयोग सुचविता येईल. तो मूळ संज्ञेचे शब्दश: भाषांतर नाही, परंतु कायद्यात जो अर्थ आहे तो त्यात आहे. 'एफआरपी' हे रूप आता भाषेत रुजले आहे आणि ते जावे असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. मात्र वार्षिक अहवालात आणि ऊसबिलाच्या पावतीवर ते प्रथम येईल तेथे त्याच्यापुढे एक वाक्य छापावे : 'केंद्र शासनाने ठरविलेला, ज्याहून कमी देता येत नाही असा उसाचा दर.' लांब शब्दसमूह आखूड करण्याची सोय भाषेस आहे. पण आखूड करताना जे गळाले ते ज्याचे होते त्यास परत करणे, हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे. साखरपट्ट्यातील महाविद्यालयांनी आपापल्या परिसरातील अशा संज्ञांच्या अर्थासह याद्या करावयास घेतल्यास त्या कामास आरंभ होईल.